तंबाखूच्या पानातला न दिसणारा रोग

निपाणी परिसरातील तंबाखूच्या शिवारात शेंडा खुडताना आणि फुटवे काढताना जे हात एका रोपावरून दुसऱ्या रोपाकडे जातात, त्याच हातांवरून मोझॅक रोगही पुढे सरकतो आणि पानांवर फिकट व गडद हिरवे चट्टे उमटतात. याच रोगाच्या शोधात प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाची हद्द स्पष्ट झाली. म्हणून या भागात सूक्ष्मदर्शकाचा इतिहास सांगायचा तर तो तंबाखूच्या पानापासूनच सांगावा, असे मला वाटते.

पेशी दिसण्यास प्रकाश पुरेसा होता. रॉबर्ट हुक यांनी १६६५ मध्ये बुचाच्या पातळ कापातील कप्पे जगापुढे मांडले आणि पुढच्या दशकात डेल्फ्टचे कापड व्यापारी लेवेनहूक यांनी स्वतः घासलेल्या एकाच भिंगातून जीवाणू पाहिले. आजही खानापूरकडच्या एखाद्या मराठी शाळेत कांद्याचा पापुद्रा काचपट्टीवर पसरून त्यावर सॅफ्रॅनिनचा थेंब सोडला, की चारशे पट मोठे होऊन विटांच्या भिंतीसारख्या पेशी दिसतात आणि त्यांत गडद ठिपक्यासारखे केंद्रकही ओळखू येते.

तंबाखूच्या रोगापुढे मात्र हे भिंग निरुत्तर झाले. रोगट पानाचा रस निरोगी रोपाला रोग लावतो, हे अडोल्फ मायर यांनी १८८६ मध्ये दाखवले होते. जीवाणू अडवणाऱ्या चिनीमातीच्या गाळणीतून काढलेला रसही तितकाच रोगकारक ठरतो, हे १८९२ मध्ये इवानोव्स्की यांना आढळले आणि १८९८ मध्ये बायेरिंक यांनी हा जीवाणूंहून वेगळा रोगकारक असल्याचे सांगितले. पण तो कोणालाच दिसत नव्हता. यात भिंग घासणाऱ्याच्या कसबाचा दोष नव्हता. प्रकाशाच्या तरंगलांबीच्या सुमारे निम्म्याहून जवळ असलेले दोन बिंदू वेगळे दिसू शकत नाहीत, हे अर्न्स्ट आबे यांनी १८७३ मध्येच सिद्ध केले होते. ही मर्यादा साधारण २०० नॅनोमीटर (एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) येते, आणि तिच्यापलीकडे प्रतिमा कितीही मोठी केली तरी केवळ धूसरपणाच मोठा होतो.

यावर उपाय म्हणजे प्रकाशच बदलणे. बर्लिनमध्ये १९३१ साली अर्न्स्ट रुस्का आणि माक्स क्नोल यांनी काचेच्या भिंगाऐवजी चुंबकीय वेटोळ्यांनी इलेक्ट्रॉनचा झोत वळवला; एक लाख व्होल्टला या इलेक्ट्रॉनची तरंगलांबी अवघी ०.००३७ नॅनोमीटर असते. आठच वर्षांनी, १९३९ मध्ये, तंबाखूचा तो विषाणू अखेर दिसला: सुमारे ३०० नॅनोमीटर लांब आणि १८ नॅनोमीटर जाड अशी काडी. ते पाहणाऱ्यांत रुस्का यांचे भाऊ हेल्मुट हेही होते. पुढे जॉर्ज पालाडे यांनी १९५० च्या दशकात पेशीतील रायबोसोम, म्हणजे प्रथिने बनवणारे सूक्ष्म कण, याच साधनाने दाखवले.

मात्र इलेक्ट्रॉनला निर्वात पोकळी लागते, त्यामुळे नेहमीच्या पद्धतीत नमुना वाळवून, जड धातूंनी रंगवून, शंभर नॅनोमीटरहून पातळ कापावा लागतो. कांद्याचा ओला, जिवंत पापुद्रा तसाच त्यात ठेवता येत नाही. त्यातील पेशीद्रव्य वाहताना पाहायचे, तर शाळेतला सूक्ष्मदर्शकच काढावा लागतो.