सकाळी झटके, गॅरेजात पोचली की ठीक: जुन्या गाडीचं थंड इंजिन

जानेवारीत ग्वाल्हेरचा पारा चार-पाचवर आला की जुन्या गाडीवाल्यांची एकच तक्रार असते, सेल्फ मारला की सुरू होते पण रेस दिली की झटके मारते, चौकात बंद पडते आणि शहरातल्या लष्कर भागातून मुरारला पोचेस्तोवर मात्र मक्खन. मग मेकॅनिक म्हणतो यात काहीच नाहीये. तेव्हा खरंच काही नसतं हो, चालवत नेली म्हणजे इंजिन तापलं आणि दोष लपला. म्हणून कळकळीनं सांगतो, गाडी आदल्या रात्रीच गॅरेजात सोडा आणि सकाळचा पहिला सेल्फ मेकॅनिकलाच मारू द्या.

आता हे का होतं, तर पेट्रोल जळतं ते वाफ होऊन. हिवाळ्यात दोरीवरचे कपडे वाळत नाहीत ना, तसंच थंड इंजिनात पेट्रोलची वाफ नीट होत नाही, बरंचसं इनटेकच्या, म्हणजे हवा आत नेणाऱ्या नळीच्या, गार भिंतींनाच चिकटतं. एरवी 1 किलो पेट्रोलला साधारण 14.7 किलो हवा लागते, थंडीत मात्र पेट्रोल जास्त सोडावं लागतं, तेव्हा कुठे पेटण्यापुरती वाफ मिळते. कार्बोरेटरच्या (हवा-पेट्रोल मिसळणारा जुना भाग) गाडीत हे काम चोक करतो, हवा अडवून. त्याची झडप पूर्ण बंद होतेय का ते आधी बघा.

इंजेक्शनवाल्या गाडीत माझा पहिला संशय कूलंट टेम्परेचर सेन्सरवर, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याचं (कूलंटचं) तापमान मोजणाऱ्या सेन्सरवर. गार असताना याचा रेझिस्टन्स जास्त असतो, तापला की कमी होतो, बऱ्याच गाड्यांत 20 अंशाला दोन-अडीच हजार ओहम आणि 80 ला तीनशेच्या आसपास. हा बिघडून "इंजिन गरम आहे" असं सांगायला लागला की ईसीयू, म्हणजे इंजिनचा कंप्यूटर, पेट्रोल कमी सोडतो, आणि थोड्या वेळानं इंजिन खरंच तापतं म्हणून गाडी आपोआप सुधारते. मीटरवरचा तापमानाचा काटा बरोबर आहे यावर जाऊ नका, खूप गाड्यांत काट्याचा सेन्सर वेगळाच असतो. रात्रभर उभ्या गाडीला सकाळी, सुरू करायच्या आधी, स्कॅनर लावा. कूलंट आणि हवा दोन्हीचं तापमान जवळपास सारखं दिसलं पाहिजे. हवा 6 आणि कूलंट 45 दाखवत असेल तर चोर सापडला.

सेन्सर ठीक निघाला तर व्हॅक्यूमचे रबरी पाइप बघा. जुनं रबर थंडीत आखडतं, चिरेतून जादा हवा आत जाते आणि आधीच कमी पडणारं पेट्रोल आणखी कमी पडतं. त्यात आता 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल आलंय, इथेनॉलला वाफ व्हायला उष्णता जास्त लागते आणि जळायला हवा कमी, पण जुन्या कार्बोरेटरला हे कळत नाही, तो तेवढंच पेट्रोल सोडतो आणि ते कमी पडतं. प्लग, बॅटरी आणि घट्ट झालेलं ऑइल तर कुठलाही मेकॅनिक बघतोच.

थर्मोस्टॅटचं, म्हणजे कूलंटच्या वाटेवरच्या झडपेचं, मात्र सांगायलाच हवं. आपल्याकडे मे महिन्यात गाडी तापते म्हणून लोक तो सरळ काढून टाकतात, हे फार चुकीचं आहे. तो 82-88 अंशाच्या आसपास उघडतो, तोवर रेडिएटरकडचा रस्ता बंद ठेवून इंजिन लवकर तापवतो. तोच नसेल तर हिवाळ्यात इंजिन धड तापतच नाही, दहा किलोमीटर चालवून काटा खालीच, हीटरची हवा कोमट आणि पेट्रोल जास्त जळतं ते वेगळंच. काढला असेल तर परत बसवून घ्या, आणि उन्हाळ्यात तापत असेल तर रेडिएटर साफ करा, फॅन तपासा.