दुखतंय म्हणून हलायचंच नाही का? आमच्या बेळगावच्या फिजिओथेरपी केंद्रात येणाऱ्यांसाठी माहितीपत्रक

बाहेर बाकावर बसला असाल तर हे वाचून घ्या. आत आल्यावर आम्ही हेच सांगतो, पण आत घाई होते आणि सांगितलेल्यातलं निम्मं कपिलेश्वरच्या पुलापर्यंत पोचेतो विसरायला होतं.

आमच्याकडे शहापूर-वडगावचे विणकर येतात, उद्यमबागेत आठ-आठ तास लेथपुढे उभे राहणारे येतात, खानापूरकडच्या भातशेतीतल्या बायका येतात, निपाणीहून मांडीवर सूप घेऊन विड्या वळणाऱ्या मावश्या येतात. दुखणी वेगळी, प्रश्न मात्र सगळ्यांचा एकच: "किती दिवस रेस्ट घ्यायची?" आमचं उत्तर ऐकून बरेच जण नाराज होतात. ते उत्तर आमच्या मनचं नाही, त्याच्यामागे चाळीस वर्षांचं संशोधन आहे, म्हणून हे पत्रक.

"मणक्यात गॅप आलाय"

हातात एमआरआयचं मोठं पाकीट आणि तोंडात हे वाक्य. कुणाची दोन मणक्यांमधली गादी सरकलेली, कुणाची नस दबलेली. रिपोर्ट इंग्रजीत, औषधाच्या दुकानातला समजावतो कन्नडमध्ये, शेजारी त्यात आपली भर घालतात, आणि घरी येईपर्यंत त्याचा अर्थ एवढाच उरतो की आता वाकायचं नाही. मग कमरेला पट्टा, खाली बसणं बंद, पाण्याची बादली सुनेकडे.

आता हे बघा. ज्यांची कंबर अजिबात दुखत नाही अशा लोकांचे मणक्याचे स्कॅन काढले तर काय दिसेल? अमेरिकेतल्या संशोधकांनी २०१५ साली असे ३३ अभ्यास एकत्र केले, एकूण ३,११० माणसं. काहीही त्रास नसलेल्या विशीतल्या पोरांपैकी ३७ टक्क्यांच्या गाद्या झिजलेल्या निघाल्या. ऐंशीच्या घरातल्यांत हेच प्रमाण ९६ टक्के. गादी फुगलेली दिसणारे विशीत ३० टक्के, ऐंशीत ८४ टक्के. आणि दुखणं कुणालाच नाही. हातमागाखालची पायानं दाबायची फळी वर्षानुवर्षं झिजून गुळगुळीत होते, म्हणून कापड निघायचं थांबतं का?

याचा अर्थ स्कॅन फाडून टाका असा नाही. कळ गुडघ्याच्या खाली उतरत असेल, पायात मुंग्या येत असतील, पाऊल उचलताना लटकत असेल, तर तोच कागद फार कामाचा. पण फक्त कंबर दुखतेय आणि रिपोर्टात चार भीतिदायक शब्द आहेत, तर त्या शब्दांचा आणि तुमच्या दुखण्याचा संबंध असेलच असं नाही.

झोपून राहण्याचा हिशेब

उसण भरली की पडून राहायचं, हे आपल्याकडे घराघरात मुरलंय. १९८६ साली अमेरिकेत कंबरदुखीच्या २०३ रुग्णांवर एक प्रयोग झाला. निम्म्यांना दोन दिवस झोपून राहायला सांगितलं, निम्म्यांना सात दिवस. बरं होण्यात फरक पडला नाही, मात्र दोन दिवसवाल्यांच्या कामावरच्या गैरहजेऱ्या ४५ टक्क्यांनी कमी भरल्या. पुढे १९९५ मध्ये फिनलंडमध्ये हेलसिंकी शहराच्या १८६ कर्मचाऱ्यांचे तीन गट केले: एकाला दोन दिवस अंथरूण, दुसऱ्याला पाठीचे व्यायाम, तिसऱ्याला सांगितलं की जमेल तसं रोजचं काम चालू ठेवा. सगळ्यांत लवकर सावरला तिसरा गट. अंथरुणवाले सगळ्यांत मागे.

गंमत म्हणजे कंबर नुकतीच धरलेली असताना व्यायामवालेही रोजचं काम करणाऱ्यांच्या मागेच पडले. म्हणून पहिल्या चार-पाच दिवसांत आलात तर आम्ही व्यायामांची यादी हातात देत नाही. चाला, स्वयंपाक करा, दुकानात बसा, दर अर्ध्या तासानं उठा, एवढंच सांगतो. परवा एक आजोबा म्हणाले, "एवढंच सांगायचं तर फी कशाला घेताय?" प्रश्न रास्त आहे. आम्ही तपासतो ते तुमच्या दुखण्यामागे काही गंभीर नाही ना याची खात्री करायला, फी त्याची.

दुखणं तीन महिन्यांच्या वर गेलं की मात्र व्यायामाची बाजू उजवी ठरते. २०२१ मध्ये २४९ चाचण्यांचा एकत्र आढावा निघाला. काहीच न करणाऱ्यांपेक्षा व्यायाम करणाऱ्यांचं दुखणं शंभर गुणांच्या मोजपट्टीवर सरासरी पंधरा गुणांनी कमी. पंधरा ही जादू नाही, हे आम्हालाही कळतं. पण ज्याला रात्री कूस बदलता येत नव्हती, त्याला पंधरा खूप असतात. आणि कुठला व्यायाम? जो तुम्ही सहा महिने टिकवाल तो. चालणं, योगासनं, वजनं, काहीही. एकच व्यायाम बाकी सगळ्यांना मागे टाकतो असं सांगणाऱ्यांवर आमचा विश्वास नाही.

कोपऱ्यातलं मशीन

"करंट लावा की," असा आग्रह रोज असतो. खरं सांगायचं तर सुरुवातीच्या काळात आम्हीही दहा-दहा दिवस लाईट, करंट, अल्ट्रासाऊंड (ध्वनिलहरींचं मशीन) लावत होतो. माणूस शेकून घ्यायचा, बरं वाटायचं, पंधरा दिवसांनी परत यायचा. केंद्र चालायला ते चांगलंच होतं. इंग्लंडच्या आरोग्य मार्गदर्शक संस्थेनं २०१६ साली स्पष्ट लिहिलं की कंबरदुखीला अल्ट्रासाऊंड, करंट, ट्रॅक्शन (वजन लावून कंबर ताणणं), पट्टा देऊ नये. त्यांच्या मागे पुरेसा पुरावा नाही. आता आमचं मशीन कोपऱ्यात कापड पांघरून आहे. शेकानं बरं वाटतं ते खरंच आहे, जरूर शेका, पण त्यासाठी घरातली गरम पाण्याची पिशवी पुरते.

कोपराचं इंजेक्शन

पोळ्या लाटून, गोधड्या पिळून, पान्यानं नट आवळून कोपराच्या बाहेरच्या बाजूला जी कळ बसते तिला टेनिस एल्बो म्हणतात. टेनिस न खेळणाऱ्यांनाच ती जास्त होते. स्टेरॉइडचं इंजेक्शन घेतलं की आठवड्यात हात मोकळा होतो, म्हणून लोक ते मागून घेतात. नेदरलँड्समधली १८५ रुग्णांची चाचणी २००२ साली प्रसिद्ध झाली. सहा आठवड्यांनी इंजेक्शनवाले ९२ टक्के बरे, फार पुढे. वर्ष संपल्यावर बघितलं तर इंजेक्शनवाले ६९ टक्के, फिजिओथेरपीवाले ९१ टक्के, आणि काहीच न करता वाट बघणारे ८३ टक्के. म्हणजे वर्षाच्या हिशेबात इंजेक्शन काहीच न करण्याच्याही मागे पडलं. घरात लग्न आठ दिवसांवर आहे आणि हात चालायलाच हवा, तर आम्ही समजू शकतो. पण मग वर्षाचा हिशेब माहीत असून निर्णय घ्या.

भरतीची तयारी करणाऱ्या पोरांसाठी

पहाटे मैदानावर पोलीस नाहीतर मिलिटरी भरतीसाठी पळणारी पोरं आपल्याकडे गावोगाव आहेत. महिन्याभरावर भरती आली की ती एकदम दुप्पट पळतात, आणि टाचेच्या वरची जाड शीर (रक्ताची नव्हे, पोटरीचा स्नायू टाचेला जोडणारा दोर, अकिलीस टेंडन) धरते. सकाळी पहिली चार पावलं लंगडत, मग सैल, मग पळून झाल्यावर पुन्हा ठणका.

हाकान आल्फ्रेडसन नावाच्या स्वीडनच्या एका अस्थिशल्यविशारदाचीच ही शीर दुखत होती. ऑपरेशनला वरिष्ठ तयार नव्हते. मग त्यानं ठरवलं की शिरेवर इतका भार टाकायचा की ती तुटेल, आणि मग ऑपरेशन करावंच लागेल. ती तुटली नाही, बरी झाली. १९९८ मध्ये त्यानं १५ हौशी धावपटूंवर हीच पद्धत वापरली आणि बारा आठवड्यांत सगळे पुन्हा पळायला लागले.

करायचं असं. पायरीच्या कडेवर चवडे टेकवा, टाचा हवेत. दाराच्या चौकटीला हलकेच धरा. दोन्ही पायांनी वर या, चांगला पाय उचला, आणि दुखऱ्या पायावर सावकाश, मनात पाच मोजत, टाच पायरीच्या खाली जाईपर्यंत उतरा. पंधरा वेळा, तीन फेऱ्या. मग गुडघा किंचित वाकवून तेवढंच. सकाळ-संध्याकाळ, आठवड्याचे सातही दिवस. सोपं झालं की पाठीवरच्या दप्तरात तांदूळ भरा, दोन किलोपासून. पुढच्या संशोधनात दिसलं की आठवड्यातून तीनदा जड वजन घेऊन सावकाश वर-खाली केलं तरी तेवढाच गुण येतो, त्यामुळे रोज जमत नसेल तर आम्हाला विचारा. शिरेला भार लागतो, पण एका आठवड्यात दुप्पट केलेला भार तिला झेपत नाही.

गुडघे, आणि आजींचे पाय

झिजलेल्या गुडघ्याला नवी कूर्चा (हाडांच्या टोकांवरचा गुळगुळीत थर) व्यायामानं येत नाही. मांडीचे स्नायू भरले की दुखणं कमी होतं, जिने चढणं जमतं, एवढंच आम्ही कबूल करतो. वजन एक किलो उतरलं की दर पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोंनी कमी होतो, हे मोजलेलं आहे. आणि वयानुसार फाटलेल्या गुडघ्यातल्या गादीसाठी दुर्बिणीचं ऑपरेशन सुचवलं असेल, तर एवढं माहीत असू द्या: फिनलंडमध्ये २०१३ साली १४६ रुग्णांवर खरं ऑपरेशन आणि नुसत्या चिरा देऊन केलेलं लुटुपुटूचं ऑपरेशन यांची तुलना झाली, आणि वर्षानं दोन्हीकडचे सारखेच होते. खेळताना पाय मुरगळून गुडघा अडकून बसला असेल तर ती गोष्ट वेगळी.

"माझं वय आता व्यायामाचं आहे का बाळा?" असं विचारणाऱ्या आजींना आम्ही बोस्टनच्या वृद्धाश्रमाची हकिगत सांगतो. १९९० साली तिथल्या नव्वदीच्या आसपासच्या दहा जणांकडून आठ आठवडे पायांनी वजनं उचलून घेतली. पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. दोघांची काठी सुटली. व्यायामानं म्हातारपणातलं पडणंही सुमारे २३ टक्क्यांनी कमी होतं, हे १०८ चाचण्यांच्या आढाव्यातून २०१९ साली पुढे आलं. आपल्याकडे जून ते सप्टेंबर अंगण शेवाळलेलं असतं. तेव्हा हा आकडा भिंतीवर लिहून ठेवावा असा आहे.

सुरुवात खुर्चीपासून. खुर्ची भिंतीला टेकवा, हात छातीवर बांधा, आणि हातांचा आधार न घेता उठा-बसा. अर्ध्या मिनिटात किती होतात ते मोजा आणि कागदावर तारीख घालून लिहा. एकही होत नसेल तर खुर्चीवर दोन उशा ठेवून उंची वाढवा. दर पंधरवड्याला एक उशी पातळ करत जा.

रुपयात किती आणे?

व्यायाम करताना थोडं दुखलं तर चालतं का? चालतं. जुन्या माणसांना आम्ही आण्यांत विचारतो: सोळा आण्यांचा पूर्ण रुपया म्हणजे सहन न होणारं दुखणं. रुपयात चार आण्यांपर्यंत दुखलं तर बिनधास्त करा. आठ आण्यांपर्यंत गेलं तरी चालेल, मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी दुखणं पहिल्या जागी आलं पाहिजे. आलं नाही तर फेऱ्या कमी करा, पूर्ण बंद करू नका. आठ आण्यांच्या वर गेलं तर थांबा आणि फोन करा.

आमच्याकडे न येता थेट दवाखान्यात जा

लघवी-संडासवरचा ताबा गेला, बसण्याची जागा बधिर झाली, दोन्ही पायांतली ताकद एकदम कमी झाली, तर त्याच रात्री मोठ्या रुग्णालयात, सकाळची वाट बघू नका. संध्याकाळी बारीक ताप, वजन उतरतंय आणि पाठ रात्री जास्त दुखते, तर मणक्याचा क्षय नाही ना हे डॉक्टरांनी आधी बघायला हवं. पूर्वी कॅन्सर झाला असेल किंवा साठीनंतर पडून पाठ दुखायला लागली असेल तरी आधी डॉक्टर. एकच पोटरी सुजून गरम झाली तर चोळू नका, रक्ताची गुठळी असू शकते. घोटा मुरगळल्यावर चार पावलंही टाकता येत नसतील किंवा घोट्याच्या हाडावर दाबल्यावर दुखत असेल तर आधी एक्स-रे. चालताना छातीत आवळून आलं आणि कळ हातात किंवा जबड्यात गेली, तर तो खांदा नाही. तो हृदयाचा त्रास समजूनच पळा.

येताना

सैल कपडे घाला. चालू गोळ्यांची पाकिटं बरोबर आणा, विशेषतः साखरेच्या आणि रक्त पातळ करणाऱ्या. रिपोर्ट आणा, पण आम्ही ते शेवटी बघतो, आधी तुम्हाला बघतो. शेतकरी असाल तर लावणी कधी आहे ते पहिल्याच दिवशी सांगा. दिवसभर चिखलात वाकायचं असेल तर कंबरेची तयारी मे महिन्यात सुरू करावी लागते. जुलैत येऊन उपयोग थोडा.

पहिल्या भेटीत महिन्याचा एक छापील कागद मिळेल. व्यायाम केला त्या दिवशी खूण करायची. पुढच्या वेळी तो कागद आणा, कोरा असला तरी आणा. कोऱ्या कागदावर आम्ही रागवत नाही, व्यायाम सोपा करून देतो. फक्त रिक्षात बसून एकाच पेनानं तीस खुणा करू नका. ते लगेच ओळखू येतं.