रबराचे काठिण्य मोजणारे हातातले गेज: निवडीमागची पार्श्वभूमी

रबराचे काठिण्य मोजण्यासाठी हातात धरायचे गेज घेताना चर्चा बहुतेक वेळा डायल की डिजिटल, कोणत्या कंपनीचे आणि सोबत स्टँड मिळतो का, एवढ्यावरच थांबते. प्रत्यक्षात असे गेज विकत घेणारा माणूस गेल्या शंभर वर्षांत वेगवेगळ्या ठिकाणी झालेले तीन निर्णय एकत्रच विकत घेत असतो: रबरात रुतणाऱ्या पिनचा आकार, तिच्यामागच्या स्प्रिंगचे बल आणि पिन रुतल्यावर किती सेकंदांनी आकडा वाचायचा. पहिल्या दोन निर्णयांवर आता फारसा वाद उरलेला नाही. तिसरा मात्र देशागणिक, मालागणिक आणि मानकाच्या आवृत्तीगणिक बदलत आला आहे, आणि पुरवठादार व ग्राहक यांच्यातील काठिण्याच्या अनेक तक्रारींचे मूळ तिथे सापडते.

विसाव्या शतकाच्या आरंभी रबराचा थर चढवलेल्या मोठ्या रोलरसाठी एक पद्धत वापरात होती. 3.2 मिलिमीटर व्यासाची गोळी 1 किलो भाराखाली एक मिनिट रबरावर ठेवायची आणि ती किती खोल गेली ते मोजायचे. या पद्धतीत मोठा आकडा म्हणजे मऊ रबर. कागद आणि छपाईच्या रोलरच्या व्यवहारात ही उलट दिशेची मोजपट्टी आजही टिकून आहे, त्यामुळे त्या क्षेत्रासाठी गेज निवडणाऱ्याने ग्राहक नेमका कोणता आकडा मागतो आहे हे आधी विचारून घेणे आवश्यक असते. 1920 च्या दशकात न्यूयॉर्कमधील एका उपकरणनिर्मात्याने स्प्रिंगवर चालणारे, खिशात मावणारे गेज बाजारात आणले आणि आज ज्याला आपण शोअर मोजपट्टी म्हणतो ती रूढ झाली. वजने, चौकट आणि प्रयोगशाळेतले टेबल यांची गरज संपली, कामगार साच्यातून निघालेल्या वस्तूवर जागेवरच आकडा घेऊ लागला, आणि या सोयीमुळेच ही मोजपट्टी तिच्याहून अधिक नेमक्या पद्धतींच्या पुढे निघून गेली.

या गेजची रचना समजून घेतल्याशिवाय पुढचा वाद कळणार नाही. शोअर मोजपट्टीच्या, मध्यम काठिण्याच्या रबरासाठीच्या ‘ए’ प्रकारात 35 अंशांच्या शंकूचे टोक कापून 0.79 मिलिमीटर व्यासाचे सपाट केलेले असते आणि ते गेजच्या तळाबाहेर 2.5 मिलिमीटर आलेले असते. तळ रबरावर टेकला की रबर पिनला जितके मागे ढकलेल तितका आकडा वाढतो. पिन पूर्ण मागे गेली तर 100, अजिबात गेली नाही तर 0, म्हणजे एक अंक म्हणजे 0.025 मिलिमीटर. स्प्रिंगचे बल मात्र स्थिर नसते: शून्याला 0.55 न्यूटन आणि शंभराला 8.05 न्यूटन. 70 अंकांचे रबर मोजताना पिनवर 5.8 न्यूटन बल असते, तर 40 अंकांच्या रबरावर ते 3.55 न्यूटनच असते. अधिक कडक मालासाठीच्या ‘डी’ प्रकारात 30 अंशांचा, 0.1 मिलिमीटर त्रिज्येच्या टोकाचा शंकू असतो आणि शंभराला बल 44.5 न्यूटनपर्यंत जाते. हे बल साडेचार किलोच्या वजनाइतके असल्यामुळे आणि तेवढा जोर हाताने सरळ, न डगमगता लावणे कठीण असल्यामुळे ‘डी’ प्रकाराचे गेज केवळ हातात धरून वापरायचा आग्रह धरू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

‘ए’चा आकडा 90 च्या वर गेला की ‘डी’ घ्यावे आणि ‘डी’चा 20 च्या खाली आला की ‘ए’कडे परतावे, हा नियम या क्षेत्रातल्या लोकांना सांगावा लागत नाही. खालच्या टोकाची गोष्ट तेवढी सरळ नाही. स्पंज, जेल आणि अतिशय मऊ सिलिकोन यांच्यासाठी अमेरिकी प्रथेत ‘ओओ’ आणि तिच्या पुढच्या मोजपट्ट्या आल्या, आंतरराष्ट्रीय प्रथेत ‘ए’चीच स्प्रिंग ठेवून टोकाला गोल आकार दिलेली ‘एओ’ आली. दोन्ही नावे दिसायला सारखी असली तरी त्यांचे आकडे एकमेकांत बदलता येत नाहीत. पातळ नमुन्यांसाठी ‘एएम’ ही लहान पिनची मोजपट्टी तयार झाली, जिला 1.5 मिलिमीटर जाडी पुरते; ‘ए’ आणि ‘डी’ यांना मात्र 6 मिलिमीटर जाडी लागते. जपानमध्ये तर बरीच वर्षे ‘ए’ याच अक्षराखाली थोडी वेगळी स्प्रिंग असलेले गेज वापरले जात होते. ते जुने मानक मागे पडले, तरी त्यावर आधारलेली ड्रॉइंग आणि जुनी गेज कारखान्यांत उरली.

काठिण्य मोजण्याची दुसरी वाट ब्रिटनमधून निघाली. तिथे स्प्रिंगऐवजी वजन आणि पिनऐवजी गोळी वापरून, रुतण्याची खोली आणि रबराचा लवचिकता गुणांक (ताणाला किंवा दाबाला ते किती विरोध करते याचे माप) यांचे गणिती नाते धरून 0 ते 100 ची मोजपट्टी आखण्यात आली, आणि तिचेच पुढे आंतरराष्ट्रीय रबर काठिण्य अंश झाले. त्यात 2.5 मिलिमीटरची गोळी आधी 0.3 न्यूटन बलाने टेकते, मग एकूण बल 5.7 न्यूटन होते आणि 30 सेकंदांनी आकडा घेतला जातो. आकडे शोअर ‘ए’च्या जवळपास यावेत अशी ही मोजपट्टी मुद्दाम जुळवलेली असल्यामुळे मध्यम काठिण्याच्या रबरावर दोन्ही बरेच सारखे वाटतात. मोजमाप म्हणून ही पद्धत सरस आहे, कारण तिचा पाया रबराच्या गुणधर्मात आहे, स्प्रिंगच्या घडणीत नाही. मात्र ते उपकरण मूळचे टेबलावरचे. तिची खिशातली आवृत्तीही निघाली, अर्धगोल टोक आणि जवळपास स्थिर बल असलेली, पण शोअर गेज आधीच सर्वत्र पोचलेले असल्यामुळे तिला फार जागा मिळाली नाही.

आता सेकंदांकडे वळू. रबर दाबाखाली क्षणात थांबत नाही. पिन आत गेल्यावरही ते हळूहळू सैलावत राहते, पिन थोडी आणखी रुतते आणि आकडा खाली येतो. भरणद्रव्य (रबरात मिसळायची भुकटी) नसलेल्या नैसर्गिक रबरात ही घसरण एक-दोन अंकांची असू शकते. कार्बन ब्लॅक (काजळीसारखी भुकटी) भरपूर घातलेल्या रबर-मिश्रणात किंवा थर्मोप्लास्टिक रबरात, म्हणजे तापवल्यावर पुन्हा मऊ होणाऱ्या रबरात, ती पाच अंकांपर्यंत किंवा त्याहूनही पुढे जाऊ शकते. ड्रॉइंगवर काठिण्याची मर्यादा बहुधा अधिक-उणे 5 अंक अशी असते. म्हणजे वाचण्याच्या वेळेतला फरक एकट्याने माल पास किंवा नापास करू शकतो.

अमेरिकी परंपरेत तळ घट्ट टेकल्यावर एका सेकंदाच्या आत दिसणारा आकडा घ्यायचा असे ठरले. खिशातल्या गेजला साजेसा हा निर्णय होता, कारण हातात धरलेले गेज अर्धा मिनिट एकसारख्या जोराने दाबून ठेवणे कोणालाही जमत नाही. डायलवर कमाल आकडा अडकवून ठेवणारा दुसरा काटाही याच सवयीतून आला. माझ्या मते हा काटा फायद्यापेक्षा नुकसानच जास्त करतो. त्याच्या घर्षणाचा आकड्यावर परिणाम होतो, शिवाय गेज टेकवताना हाताला बसलेला धक्काही तो टिपून ठेवतो आणि मग तो धक्का रबराचे काठिण्य म्हणून नोंदवला जातो. जर्मन प्रथेने 3 सेकंद स्वीकारले. प्लास्टिक आणि एबोनाइट (अतिशय कडक केलेले रबर) यांच्यासाठीच्या आंतरराष्ट्रीय पद्धतीत 15 सेकंद नेहमीचे मानले गेले आणि तत्काळ वाचन हा पर्याय ठेवला गेला.

खिशातल्या गेजसाठीचे स्वतंत्र आंतरराष्ट्रीय रबर मानक 1986 मध्ये आले. 2004 मध्ये त्याचे दोन भाग करण्यात आले, एक शोअरचा आणि एक खिशातल्या आंतरराष्ट्रीय अंशांचा. या नव्या मांडणीने व्हल्कनाइझ केलेल्या, म्हणजे उष्णतेने आणि रसायनाने कायमच्या पक्क्या केलेल्या, रबरासाठी 3 सेकंद आणि थर्मोप्लास्टिक रबरासाठी 15 सेकंद अशी विभागणी केली. तेव्हापासून विरोधी बाजूचे म्हणणे असे राहिले आहे की एकाच गेजने, एकाच मोजपट्टीवर दोन प्रकारचे रबर मोजायचे आणि वेळ मात्र वेगळी ठेवायची, यामुळे एका रबराऐवजी दुसरे वापरू पाहणाऱ्या डिझाइनरची फसगत होते. या आक्षेपात तथ्य आहे. तरीही मला ही विभागणी योग्य वाटते, कारण थर्मोप्लास्टिक रबर पहिल्या काही सेकंदांत इतके सैलावते की त्याचा सुरुवातीचा आकडा वस्तू वापरात असताना जाणवणाऱ्या कडकपणाबद्दल फारसे काही सांगत नाही. विभागणीत चूक नव्हती; चूक झाली ती आकड्याशेजारी सेकंद लिहिण्याची शिस्त सर्वत्र लागू न झाल्यामुळे. ‘70 शोअर ए’ एवढेच लिहिलेल्या प्रमाणपत्रावरून तो आकडा 1 सेकंदाचा, 3 सेकंदांचा की 15 सेकंदांचा हे कोणालाही ठरवता येत नाही.

सेकंदांच्या या प्रश्नानेच स्टँडचा प्रश्न पुढे आणला. 3 सेकंद जोर सारखा ठेवायचा तर हात पुरेसा भरवशाचा नसतो, म्हणून ‘ए’ला 1 किलो आणि ‘डी’ला 5 किलो वजनाचा स्टँड सुचवला गेला. हे आकडे सहज निवडलेले नाहीत: दोन्ही वजने आपापल्या स्प्रिंगच्या कमाल बलापेक्षा थोडी जास्त भरतात, त्यामुळे तळ रबराला टेकलेला राहतो आणि तरीही रबर उगाच दबत नाही. हाताने दाबणारा माणूस 2 किलोही दाबतो आणि 6 किलोही. म्हणून जिथे गेजच्या आकड्यावरून वादाचा निकाल लागणार आहे, तिथे ते स्टँडला जोडता येणारे असावे. केवळ उत्पादनाच्या रांगेत झटपट चाचपणी करायची असेल तर हाताने घेतलेला आकडा चालतो.

पुढे डिजिटल गेज आली आणि त्यांच्यासोबत खरी उपयोगी गोष्ट आली ती आतला टायमर. तळ टेकल्याचे ओळखून ठरलेल्या सेकंदाला आकडा गोठवणारे गेज जुन्या वादातला माणसाचा वाटा कमी करते, आणि जादा पैसे द्यायचेच असतील तर ते यासाठी द्यावेत. दशांशानंतरचा एक अंक दाखवणे ही मात्र फारशी मोलाची गोष्ट नाही. 0.1 अंक म्हणजे 2.5 मायक्रॉन खोली, आणि रबराच्या पृष्ठभागाची खडबड, तापमान व नमुन्याची जाडी यांचा परिणाम त्याहून कितीतरी मोठा असतो. व्हल्कनायझेशननंतर किमान 16 तास थांबणे, कडेपासून 12 मिलिमीटर आत राहणे, वाचनांमध्ये 6 मिलिमीटर अंतर ठेवणे, पाच वाचनांचा मध्यक (चढत्या क्रमातला मधला आकडा) घेणे, हे नियम स्वस्त गेजलाही तितकेच लागू पडतात. ओ-रिंगसारख्या (गळती रोखणाऱ्या रबरी कड्यासारख्या) गोल, बारीक वस्तूवर 18 मिलिमीटरचा तळ नीट टेकतच नाही; तिथे मिळणारा आकडा त्याच वस्तूच्या दुसऱ्या खेपेशी तुलना करण्यापुरताच कामाचा असतो.

2018 मध्ये रबराच्या काठिण्याची आंतरराष्ट्रीय मानके एकाच क्रमांकाखाली भाग पाडून एकत्र आणली गेली आणि शोअर पद्धत त्यातला चौथा भाग झाली. जुन्या क्रमांकांचा उल्लेख असलेली ड्रॉइंग, खरेदीपत्रे आणि कॅलिब्रेशन (गेजची अचूकता तपासल्याची) प्रमाणपत्रे मात्र अजून फिरत आहेत. नवे गेज घेताना प्रमाणपत्रावर पिनची बाहेर आलेली लांबी, टोकाचा आकार आणि स्प्रिंगचे बल मोजपट्टीवरच्या अनेक बिंदूंवर प्रत्यक्ष मोजले आहे का ते पाहावे. सोबत येणारे रबरी ठोकळे रोजच्या पडताळणीसाठी ठीक असतात, पण ठोकळाही रबरच असल्यामुळे तो काळाने कडक होतो, आणि त्यावरून गेज जुळवून घेणे म्हणजे ठोकळ्याचे वय गेजमध्ये उतरवणे होय.