टुलूझ क्लब आहे, लीन्स्टर प्रांत आहे: रग्बीत पगार नेमका कोण देतो?

मोबाईलवर रग्बी पाहणारे पोट्टे आता आपल्या इकडे पण झाले आणि त्यांचा एक प्रश्न ठरलेला असतो, की युरोपच्या चॅम्पियन्स कपात टुलूझ पण खेळते, लीन्स्टर पण खेळते, २०२४ ची फायनल त याच दोघांत झाली, टुलूझनं जादा वेळेत ३१-२२ नं घेतली, म्हणजे दोन्ही क्लबच ना? नाही ना भाऊ. टुलूझ क्लब आहे, लीन्स्टर क्लब नाही. टीव्हीवर दोघांची जर्सी सारखी, स्पॉन्सरचे छापे सारखे, पण मागची व्यवस्था एकदमच वेगळी, आणि कोणत्याही देशानं रग्बी हौशीतून पगारी करायची ठरवली की पहिला फाटा इथंच फुटतो.

आपल्या हिशोबानं सांगतो. टुलूझ म्हणजे गावातलं कबड्डीचं मंडळ वाढत वाढत जाऊन त्याचं स्वतःचं मैदान, स्वतःचं ऑफिस, स्वतःचे पगारी खेळाडू झाले असते त जे झालं असतं ते. आणि लीन्स्टर म्हणजे आपला विदर्भाचा रणजी संघ. तो कोणत्या मंडळाचा नाही, मालकाचा नाही, अकरा जिल्ह्यांचा आहे, आणि त्याच्या मागं व्हीसीए, म्हणजे विदर्भ क्रिकेट असोसिएशन, उभी आहे. आयर्लंडमध्ये असे चार प्रांत, लीन्स्टर, मन्स्टर, अल्स्टर आणि कॉनाक्ट, आणि चारही आयरिश रग्बी युनियनच्या शाखा. मोजक्या मोठ्या खेळाडूंचा करार थेट युनियनशी, बाकीच्यांचा प्रांताशी, पण शेवटी दोरी युनियनच्याच हातात. एखाद्या खेळाडूनं मोसमात किती मॅचा खेळायच्या, कधी आराम करायचा हे सुद्धा युनियन पाहते, कारण तिला तो सहा देशांच्या स्पर्धेत ताजा पाहिजे. आणि बाहेरच्या देशात खेळायला गेला त राष्ट्रीय संघाचं दार जवळपास बंदच.

मग आयर्लंडमध्ये क्लब नाहीत का? आहेत, भरपूर आहेत, १९९० पासून त्यांची ऑल आयर्लंड लीग चालू आहे. पण ते हौशी राहिले. डब्लिनचं लॅन्सडाउन घ्या नाही त क्लॉन्टार्फ, जुने नावाजलेले क्लब, पोट्टं तिथं वाढते, तिथून प्रांताच्या अकादमीत जाते, आणि प्रांतात जागा मिळाली नाही त परत येऊन क्लबकडून खेळते. पगार वर, खेळ खाली.

फ्रान्समध्ये उलटं. तिथं शिडी आहे. सगळ्यात वर टॉप १४, म्हणजे चौदा क्लब, त्याच्याखाली प्रो डी २ मध्ये सोळा, आणि २०२० पासून त्याच्याही खाली नासिओनाल नावाची पायरी, मग फेडरेशनच्या हौशी पायऱ्या थेट गावापर्यंत. टॉप १४ मध्ये शेवटचा आला की थेट खाली, तेराव्याला खालच्या फायनलमध्ये हरलेल्या क्लबाशी मॅच खेळून जागा वाचवावी लागते. आणि एक गोष्ट ध्यानात ठेवा, वरचे दोन पगारी डिव्हिजन राष्ट्रीय फेडरेशन चालवत नाही, त्यासाठी १९९८ पासून क्लबांची वेगळी लीग संस्था आहे. फेडरेशनकडे राष्ट्रीय संघ आणि खालचा सगळा हौशी खेळ. म्हणजे एकाच देशात दोन ऑफिसं, आणि खेळाडू एकच. भांडणं किती होत असतील ते समजून घ्या. शेवटी राष्ट्रीय संघासाठी खेळाडू कधी सोडायचे, किती दिवस सोडायचे, याचा लेखी करार दोघांत करावा लागला.

हा फरक पडला काऊन, त त्याचं मूळ जुनं आहे. पंधरा जणांच्या रग्बीत, ज्याला रग्बी युनियनच म्हणतात, पैसे घेणं १९९५ पर्यंत गुन्हाच होता. १८९५ मध्ये इंग्लंडच्या उत्तरेकडच्या क्लबांनी म्हटलं, आमचे खेळाडू खाणीत आणि गिरणीत काम करतात, मॅचसाठी खाडा पडतो, त्या खाड्याचे पैसे तरी देऊ द्या. इंग्लंडची रग्बी संघटना म्हणाली नाही. ते क्लब हडर्सफील्डच्या एका हॉटेलात बसले आणि वेगळे झाले, त्यातूनच तेरा जणांची रग्बी लीग निघाली. इकडे पंधरा जणांचं रग्बी आणखी शंभर वर्षं हौशी म्हणून मिरवत राहिलं, पैसे बुटात घालून दिले जायचे ते वेगळं. आपल्याकडे कबड्डीच्या मॅचात बाहेर जिल्ह्यातला चढाईवाला आणतात आणि त्याचं "जाण्यायेण्याचं" देतात, तोच प्रकार, नाव हौशी आणि खिसा गरम. फ्रान्समध्ये हे इतकं उघडउघड चालायचं की १९३१ मध्ये ब्रिटनवाल्यांनी त्यांना पाच देशांच्या स्पर्धेतून (आजच्या सहा देशांच्या स्पर्धेचं जुनं रूप) काढून टाकलं, मैदानावरची मारामारी हे पण कारण होतं, आणि परत घेतलं ते महायुद्ध झाल्यावर, १९४७ मध्ये. म्हणजे फ्रान्सचे क्लब कागदावर पगारी व्हायच्या किती आधीपासून मनानं पगारी होते बघा. गावागावाची इरेसरी, मैदान नगरपालिकेचं, मागं गावातला एखादा कारखानदार.

कास्त्र नावाचं गाव बघा. लोकसंख्या चाळीस-बेचाळीस हजार, म्हणजे आपल्या वरोऱ्याएवढं. त्या गावचा क्लब २०१३ मध्ये आणि परत २०१८ मध्ये टॉप १४ जिंकला, पॅरिसच्या क्लबांना मागं टाकून! मागं उभी होती त्याच गावची पिएर फाब्र नावाची औषध कंपनी. वरोऱ्याची टीम देशात पहिली आली असं डोळ्यासमोर आणा, म्हणजे शिडीची ताकद काय असते ते समजते. प्रांताच्या पद्धतीत हे कधीच होऊ शकत नाही, तिथं वरोऱ्याचा पोट्टा विदर्भाकडून खेळेल पण वरोरा कधी फायनल खेळणार नाही.

पण शिडीवरून माणूस पडतो पण. इंग्लंडनं पण क्लबांचीच वाट धरली आणि लगाम मात्र ढिला ठेवला. श्रीमंत मालक तोटा भरत राहिले, पगार वाढत राहिले, आणि २०२२-२३ च्या एकाच मोसमात वूस्टर, वॉस्प्स आणि लंडन आयरिश असे तीन मोठे क्लब बुडाले. वॉस्प्स म्हणजे दोनदा युरोप जिंकलेला क्लब राजेहो, मोसम नुकताच सुरू झालेला असताना खेळाडू बेरोजगार. फ्रान्समध्ये हा धोका आहेच पण तिथं क्लबांची वही तपासणारी एक समिती आहे, हिशोब जुळला नाही त मैदानावर जिंकलेल्या क्लबाला सुद्धा खालच्या डिव्हिजनात टाकायचा अधिकार तिला आहे. पगारावर वरची मर्यादा पण आहे. माझ्या मते फ्रान्सच्या सगळ्या व्यवस्थेत उचलण्यासारखी गोष्ट ही आहे, दिसायला कंटाळवाणी, ऑडिटरचं काम, पण तिच्याशिवाय शिडी म्हणजे जुगार.

दुसरी उचलण्यासारखी गोष्ट म्हणजे घरच्या पोरांचा नियम. एक काळ असा होता की फ्रेंच क्लब बाहेरच्या ताऱ्यांनी भरले होते, तुलाँ क्लबानं असेच जगभरचे खेळाडू जमवून २०१३, २०१४, २०१५ असा लागोपाठ तीनदा युरोप जिंकला आणि त्याच काळात फ्रान्सचा राष्ट्रीय संघ मात्र मार खात होता. मग नियम कडक केला, की तरुण वयात फ्रान्सच्याच क्लबात घडलेले इतके खेळाडू टीममध्ये पाहिजेतच. फळ दिसलं, २० वर्षांखालचा विश्वचषक २०१८, २०१९ आणि २०२३ मध्ये फ्रान्सनं नेला.

आता कोणी म्हणेल, मग प्रांताचीच पद्धत भारी, मालक नाही, बुडायची भीती नाही. तिथं वेगळं दुखणं आहे. वरून ठरवणारा एकच असला की त्याच्या मनात येईल तो प्रांत लाडका आणि बाकीचे सावत्र. कॉनाक्टची गोष्ट विदर्भातल्या माणसाला सांगायची गरजच नाही, ऐकताच कळते. आयर्लंडचा पश्चिम भाग, लोक कमी, पैसा कमी, रग्बीपेक्षा तिकडचा गेलिक फुटबॉल मोठा. २००३ मध्ये युनियननं खर्च वाचवायला कॉनाक्टचा पगारी संघच बंद करायचा घाट घातला. लोक डब्लिनला मोर्चा घेऊन गेले. संघ वाचला पण निधीत कायम मागं, आपला अनुशेषाचा हिशोब जसा वर्षानुवर्षं चालतो तसाच. आणि त्याच कॉनाक्टनं २०१६ मध्ये पॅट लॅम कोच असताना एडिंबराच्या फायनलमध्ये लीन्स्टरला २०-१० नं हरवून प्रो १२ नावाची अनेक देशांच्या संघांची लीग जिंकली. मला हा सगळा रग्बीचा इतिहास वाचताना सगळ्यात जास्त मजा इथं येते, लपवत नाही. तरी दुखणं गेलेलं नाही, डब्लिनच्या मोठ्या फीच्या शाळांमधून लीन्स्टरला तयार खेळाडू मिळत राहतात आणि बाकी तिघं मागून धावत राहतात.

आणि प्रांत कागदावर बनवता येत नाही. वेल्सनं २००३ मध्ये जुन्या क्लबांची मोळी बांधून पाच विभाग केले. पिढ्यानपिढ्या एकमेकांच्या विरोधात ओरडणाऱ्या गावांना सांगितलं की आता तुम्ही एक, आजपासून एकाच टीमसाठी ओरडा. सेल्टिक वॉरियर्स नावाचा विभाग एकाच मोसमात गुंडाळला. आयर्लंडचे प्रांत टिकले कारण लोकांच्या डोक्यात ते शेकडो वर्षांपासून होतेच, रग्बीनं फक्त जर्सी दिली. विदर्भ म्हटल्यावर इथं कोणाला समजावून सांगावं लागत नाही, २०१७-१८ ला, मग पुढच्या वर्षी आणि परत २०२४-२५ ला रणजी आली तेव्हा गडचिरोलीपासून बुलढाण्यापर्यंत आपली म्हणूनच आली. पण उद्या कोणी अकोला आणि अमरावतीची एक टीम करून तिला इंग्रजी नाव दिलं त कोण जाईल बघायला? अकोल्यावाला म्हणेल, "आमाले काय करा लागते तिचं."

मध्ये एक जपानचा प्रकार आहे तो थोडक्यात सांगतो, तिथं टीम कंपनीची, तोशिबा, पॅनासोनिक अशा, आणि बरेच खेळाडू त्या कंपनीत नोकरीला, जसे आपल्याकडे रेल्वे आणि पोलीसचे कबड्डीपटू. २०२२ पासून त्याची लीग वन झाली, तीन डिव्हिजन आहेत, वर-खाली होते.

आता भारत. इथं गोंधळ आणखी वाढला कारण २०२५ च्या जूनमध्ये मुंबईत रग्बी प्रीमियर लीग झाली, सहा फ्रँचायझी, चेन्नई बुल्स जिंकली, आणि सगळ्यांना वाटलं भारतात रग्बी पगारी झालं. ही लीग टुलूझसारखी पण नाही आणि लीन्स्टरसारखी पण नाही. खाली क्लबांची शिडी नाही जिच्यावरून कोणी वर येईल, आणि ती राज्याची टीम पण नाही. लिलावात नाव लागलं त दोन आठवडे सात-सात जणांचं रग्बी, परदेशी मोठ्या खेळाडूंच्या सोबत. प्रो कबड्डी २०१४ मध्ये सुरू झाली तेव्हाचंच मॉडेल, आणि तिच्यात आजही विदर्भाचा एक संघ नाही, जेव्हा की १९३६ मध्ये बर्लिनच्या ऑलिम्पिकच्या वेळी जगाला कबड्डी दाखवून आली ती अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची मंडळी. लीग वाईट आहे असं म्हणत नाही, दोन पैसे मिळतात, टीव्हीवर दिसते, पण वर्षातले बाकीचे पन्नास आठवडे खेळाडू कुठं खेळणार याचं उत्तर तिच्याकडे नाही आणि ते द्यायचं काम तिचं नाहीच.

ते काम राज्यांच्या असोसिएशनचं आहे, कारण राष्ट्रीय स्पर्धा राज्यांच्या टीममध्येच होतात. म्हणजे कळत नकळत आपला सांगाडा आयर्लंडसारखाच आहे, राज्य म्हणजे प्रांत, फक्त पगार नाही. ओडिशानं हे आधी ओळखलं, भुवनेश्वरच्या कलिंगा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसमध्ये आदिवासी पोरं रग्बी शिकली, त्यातलीच पोरं २००७ मध्ये लंडनला जाऊन शाळांची आंतरराष्ट्रीय स्पर्धा जिंकून आली, राज्य सरकार राष्ट्रीय संघाच्या मागं उभं राहिलं. तिथं क्लबाचा मालक नव्हता, लिलाव नव्हता, निवासी शाळा होती आणि मैदान होतं. मेळघाटात आणि गडचिरोलीत आश्रमशाळा आहेत, तिथल्या पोरांच्या पायात दम किती आहे हे मॅरेथॉनवाल्यांना विचारा.

म्हणून मला विचाराल त आपल्यासाठी आधी प्रांत, मग शिडी. क्लबाची शिडी गर्दी असली तरच टिकते, तिकीट घेणारी गर्दी, आणि ती रग्बीला इथं अजून नाही. एकदम फ्रान्स करायला गेलो त पहिल्याच वर्षी मंडळाचा अध्यक्ष वर्गणीच्या पावत्या घेऊन फिरेल. उलट राज्याच्या टीममधल्या वीस-पंचवीस जणांना वर्षभराचा ठराविक मोबदला आणि मार लागला त दवाखान्याचा खर्च, एवढं जरी असोसिएशननं उचललं त मुलं दहावीनंतर खेळ सोडणार नाहीत. आज काय होते, की पोट्टं चांगलं खेळते, बारावीला पोलीस भरतीची तयारी सुरू करते, आणि गुडघा फुटायला नको म्हणून रग्बी बंद.

सुरुवात सातच्याच रग्बीनं करावी लागेल. मॅचसाठी बारा जण पुरतात, सात मैदानात, पाच बाहेर, पंधराच्या रग्बीला तेवीस लागतात आणि त्यात पुढच्या रांगेत भिडणारे दणकट गडी वेगळे शोधावे लागतात. सात-सात मिनिटांचे दोन हाफ, एका दिवसात पूर्ण तालुक्याची स्पर्धा निपटते. कबड्डीची पकड येणाऱ्या पोरांना टॅकल, म्हणजे बॉलवाल्याला धरून पाडणं, लवकर जमते, फक्त मान-डोक्याकडे हात जाऊ द्यायचा नाही हे पहिल्या दिवसापासून घोकून घ्या, तिथं रेफरी सोडत नाही. आणि मॅचा दिवाळीनंतर ठेवा, पावसाळ्यात आपल्या काळ्या मातीत बॉल सापडत नाही आणि उन्हाळ्यात तिला भेगा पडल्यावर तिच्यावर पोराला पाडायची हिंमत माझी त होत नाही.