आतड्याच्या वेटोळ्यांचे गणित

अंड्यात वाढणाऱ्या कोंबडीच्या पिल्लाचे आतडे आधी जवळजवळ सरळ नळीसारखे असते आणि काही दिवसांतच त्याला वेटोळी पडतात. एकाच जातीच्या पिल्लांमध्ये या वेटोळ्यांची संख्या आणि मांडणी बहुतांशी सारखीच आढळते. ती कशामुळे ठरते, याचे उत्तर हार्वर्ड विद्यापीठातील क्लिफर्ड टॅबिन, एल. महादेवन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात मांडले.

पोटातील जागा अपुरी पडल्यामुळे आतडे मुडपत असावे, ही शंका सहज येते. परंतु आतडे आणि त्याला पाठीच्या बाजूशी जोडणारा पातळ पडदा, म्हणजे आंत्रबंध, असे दोन्ही एकत्र बाहेर काढले तरी वेटोळी जशीच्या तशी राहिली. आंत्रबंध कापून वेगळा करताच मात्र नळी सरळ झाली आणि पडदा आक्रसला. नळी भराभर वाढते, पडदा मागे पडून ताणला जातो. ताणलेल्या इलॅस्टिकवर शिवलेले कापड इलॅस्टिक सोडताच चुण्या घेते, तसाच हा प्रकार आहे. संशोधकांनी ताणलेल्या रबरी पडद्याला सिलिकॉनची नळी शिवून पाहिली, तेव्हा पडदा सैल सोडल्यावर त्या निर्जीव नळीलाही आतड्यासारखीच वेटोळी पडली.

संशोधकांनी या प्रक्रियेचे गणिती प्रतिमान (मॉडेल) मांडले, त्यात जनुकांचा उल्लेखही नाही. नळीची जाडी व ताठपणा, पडद्याची जाडी व ताठपणा आणि दोघांच्या वाढीतील तफावत, एवढ्याच मोजता येण्याजोग्या राशी त्यात येतात. वेटोळ्याची लांबी ही नळीचा वाकण्याला होणारा विरोध आणि पडद्याचा ताणण्याला होणारा विरोध यांच्या गुणोत्तराच्या घनमूळाच्या प्रमाणात असते. म्हणजे नळी वाकायला आठपट कठीण झाली, तर वेटोळे फक्त दुप्पट लांब होईल. उलट पडदा ताठ असेल, तर वेटोळी लहान आणि अधिक होतील. कोंबडी, लावा, फिंच (चिमणीसारखा छोटा पक्षी) आणि उंदीर यांच्या भ्रूणांतील ऊतींची मोजमापे या सूत्रांत घातल्यावर आलेली उत्तरे प्रत्यक्ष वेटोळ्यांशी चांगली जुळली. माझ्या मते या कामाचे खरे बळ येथे आहे, कारण उत्तर जुळवून घेण्यासाठी एखादी राशी मागाहून बदलण्याची सोय त्यात जवळजवळ नव्हती.

अर्थात पडदा हळू का वाढतो, हे प्रतिमान सांगत नाही; वाढीचा फरक ते गृहीत धरते. तेथे जीवशास्त्राकडे वळावे लागते. याच गटाच्या २०१७ मधील कामातून असे दिसले, की बीएमपी नावाची संकेतवाहक प्रथिने वाढीतील ही तफावत नियंत्रित करतात आणि त्यांचे प्रमाण बदलल्यास वेटोळ्यांची संख्याही बदलते.