शाळाबाह्य किशोरींचे गट (सातारा व सांगली जिल्हे)

शाळा सुटलेल्या, साधारण ११ ते १८ वयाच्या मुलींना गावातच दर आठवड्याला एकत्र आणून शिक्षण, आरोग्य आणि कागदपत्रांच्या कामी मदत करणारा उपक्रम. माण, खटाव, जत, आटपाडी या दुष्काळी तालुक्यांतून ऊसतोडीला जाणाऱ्या घरांत आणि कराड-वाळव्याकडे साखर कारखान्याच्या तळावर कोप्या (तात्पुरत्या झोपड्या) टाकून राहणाऱ्या ऊसतोड टोळ्यांत त्याची गरज जास्त. आईबाप पहाटे फडात गेले की थोरली पोर धाकट्याला सांभाळते, पाणी भरते, भाकऱ्या थापते. तासगाव-मिरजेकडे द्राक्षाच्या विरळणीची मजुरी तिला शाळेबाहेर ओढते.

पहिले काम यादीचे. हजेरीपटावर नाव असलेली मुलगी शाळेत असतेच असे नाही. म्हणून शाळेचे जनरल रजिस्टर, अंगणवाडीची सर्वेक्षण वही आणि आशाताईंच्या नोंदी एकमेकींशी ताडून पाहतात. तळावरच्या मुली या तिन्हींत सापडत नाहीत. त्यांच्यासाठी मुकादमाकडून (टोळी आणणाऱ्या मध्यस्थाकडून) टोळीची माणसे समजून घेऊन कोप्याकोप्यांतून फिरावे लागते.

एका गटात १५ ते २० मुली, एक ताई, दीड-दोन तासांची बैठक. वेळ मुलींनाच विचारून ठरवावी; सकाळी ११ ची बैठक हमखास रिकामी जाते. जागेचा घोळ त्याहून मोठा. देवळात पाळी आलेली मुलगी येत नाही, समाजमंदिरात पत्त्यांचा डाव बसलेला असतो, अंगणवाडीची किल्ली सेविकेच्या घरी. गटाला जोडलेल्या शिवणक्लासचा खरा उपयोग शिवणापेक्षा घरातून निघायला कारण मिळण्यात आहे, कारण आया त्यालाच लवकर हो म्हणतात.

शिक्षण हक्क कायदा, २००९ नुसार १४ वर्षांपर्यंत वयानुरूप वर्गात प्रवेश मिळतो. वयाचा पुरावा किंवा शाळा सोडल्याचा दाखला नाही म्हणून तो नाकारता येत नाही. पुढच्या वयात दहावीसाठी १७ नंबरचा फॉर्म (शाळेत न जाता बाहेरून परीक्षेला बसण्याचा अर्ज) किंवा मुक्त विद्यालय. इथे मात्र दाखला लागतो, आणि गाडे अडते ते नावावर : दाखल्यावर ‘नकुशा’ (नको असताना झालेली मुलगी), आधारवर दुसरेच. २०११ मध्ये सातारा जिल्ह्यात अशा २८० हून अधिक मुलींना नवी नावे देण्यात आली. पण नवे नाव प्रत्येक कागदावर स्वतंत्रपणे चढवावे लागते.

लोह-फॉलिक आम्लाची निळी गोळी आठवड्यातून एकदा (६० मिग्रॅ लोह) आणि जंताची ४०० मिग्रॅची गोळी वर्षातून दोनदा देतात. लोहाची गोळी उपाशीपोटी घेतली की मळमळते, शौचाला काळी होते. हे आधी सांगितले नाही, तर दुसऱ्याच आठवड्यात गोळ्या चुलीत जातात. किशोरींच्या केंद्रीय पोषण योजनेवर विसंबता येत नाही. २०२२ पासून ती १४ ते १८ वयोगटासाठी, आकांक्षित (केंद्राने निवडलेल्या मागास) जिल्ह्यांपुरती आणि ईशान्येकडील राज्यांपुरती उरली. हे दोन जिल्हे त्यात बसत नाहीत.

बालविवाहाचा धोका ऊसतोडीच्या हंगामाच्या तोंडाशी वाढतो. ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, आणि उचल (आगाऊ रक्कम) कोयत्यावर मिळते; म्हणून लग्न लावून जोडी करण्याची घाई होते. रोखायचे तर सुपारी फुटण्याआधी, म्हणजे लग्न ठरण्याआधी, घरच्यांशी बोलून. मांडव पडल्यावर १०९८ ही बालकांची हेल्पलाइन किंवा बालविवाह प्रतिबंधक अधिकारी या नात्याने ग्रामसेवक, हेच मार्ग उरतात. खबर कोणी दिली हा संशय पहिल्यांदा गटावर येतो आणि पुढच्या आठवड्यात निम्म्या मुलींना घरातून बाहेर सोडत नाहीत. त्यामुळे फोन गटातल्या मुलीला करायला लावू नये.