टीपॉयवरचं पांढरं वर्तुळ

पुण्याच्या जुन्या बाजारात त्या सागवानी टीपॉयचे आधी ९०० रुपये सांगितले गेले. वरच्या फळीवर मधोमध गरम कपाचं पांढरं वर्तुळ होतं, एका कोपऱ्यात खिळ्याभोवती काळा डाग होता आणि एक पाय पडायला आलेल्या दातासारखा हलत होता. मी तिन्हीकडे बोट दाखवलं आणि सौदा ५५० वर ठरला. घासाघीस करताना मनात थोडी चुटपुट होती. या तिन्हीपैकी दिसायला सगळ्यात वाईट ते पांढरं वर्तुळ, पण ते दुखणं जेमतेम केसाच्या जाडीइतकं खोल असतं, हे मला ठाऊक होतं.

जाता जाता, टीपॉयचा चहाशी संबंध नाही. मूळ शब्द तिपाई, म्हणजे तीन पायांची. आपली तिवई तिचीच बहीण. इंग्रजांनी शब्द उचलला, त्यात त्यांना ‘टी’ ऐकू आला, आणि चहाचे कप ठेवायचं टेबल म्हणून तो आपल्याकडे चार पायांवर परत आला.

जुनं फर्निचर घरी आणलं की बहुतेक जण पहिल्यांदा काचपेपर हातात घेतात. माझं म्हणणं, आधी कापसाचा बोळा घ्यावा. त्याला थोडं स्पिरिट लावायचं आणि फळीच्या खालच्या बाजूला, जिथे कोणी बघत नाही, तिथे टेकवायचा. पॉलिश चिकट होऊन बोळ्याला लागलं तर ते चपडीचं, म्हणजे लाखेपासून केलेलं जुन्या पद्धतीचं स्पिरिट पॉलिश. स्पिरिटने काही झालं नाही पण थिनरने विरघळलं, तर लॅकर. दोन्हींना दाद दिली नाही तर मेलामाइन किंवा पीयू (पॉलियुरेथेन) अशी कृत्रिम पॉलिशं, आणि मग मात्र घासण्याची तयारी ठेवावी. माझ्या टीपॉयचा बोळा तपकिरी आणि चिकट झाला. खर्च निम्म्यावर आला तो त्याच क्षणी, कारण चपडीचं पॉलिश काढावं लागत नाही. ते स्पिरिटमध्ये पुन्हा विरघळतं, नवा हात जुन्या हातात मिसळून जातो.

आता त्या वर्तुळाकडे. तिथे पांढरं असं काहीही नसतं. खडीसाखर आठवा. खडा जवळजवळ पारदर्शक असतो, तीच साखर मिक्सरमध्ये फिरवली की पिठीसाखर पांढरीशुभ्र. साखरेत रंग मिसळला नाही, मिसळली ती हवा. प्रकाश साखरेतून हवेत, हवेतून पुन्हा साखरेत जाताना प्रत्येक सीमेवर थोडा वाकतो, थोडा उलटा फिरतो. अशा लाखो सीमा ओलांडताना तो सगळ्या दिशांना विखुरतो आणि डोळ्याला पांढरं दिसतं. प्रकाश किती वाकणार हे त्या दोन पदार्थांच्या अपवर्तनांकांतल्या, म्हणजे प्रकाश वाकवण्याच्या क्षमतेच्या आकड्यांतल्या, फरकावर ठरतं. हवेचा १, पाण्याचा १.३३, चपडीचा साधारण १.५, आणि लाकडाच्या पेशीभित्तींचाही १.५ च्या जरा वर.

शेवटचे दोन आकडे जवळजवळ सारखे आहेत, आणि पॉलिशचं सगळं इंगित त्यात आहे. कोरडं, घासलेलं लाकूड फिकट, पिठूळ दिसतं, कारण त्याच्या उघड्या पेशींत हवा भरलेली असते. पॉलिश आत शिरून हवेची जागा घेतं, सीमा पुसल्या जातात, प्रकाश खोलवर जाऊन लाकडाचा खरा रंग घेऊन परत येतो. ‘रेषा उठून आल्या’ असं आपण म्हणतो ते यालाच. पॉलिशने लाकडाला रंग दिला असं वाटतं, प्रत्यक्षात त्याने हवा बाहेर काढलेली असते. ओल्या फडक्याने पुसल्यावर लाकूड घटकाभर सुंदर दिसतं तेही यामुळेच.

गरम कप नेमकं उलटं करतो. चपडी ७५ ते ८० अंशांच्या आसपास वितळते आणि त्याच्या बरीच आधी मऊ पडते. नुकत्याच ओतलेल्या चहाच्या कपाखाली ती सैल होते, बुडाशी साचलेली वाफ थरात शिरते आणि थर थंड झाला की ओलाव्याचे सूक्ष्म कण आत कोंडले जातात. पुन्हा लाखो सीमा, पुन्हा पांढरं. हा बिघाड पॉलिशच्या आत आहे, लाकडापर्यंत तो पोचलेलाच नाही. म्हणून उपायही वरवरचाच: मऊ फडक्याला स्पिरिटचा नुसता वास लागेल इतपत लावायचं, आणि वर्तुळावरून न थांबता, विमान धावपट्टीला टेकून परत उडावं तसं हलकेच फिरवायचं. थर क्षणभर उघडतो, ओलावा निसटतो, थर मिटतो. माझं वर्तुळ चौथ्या फेरीत विरलं. फडकं जास्त ओलं असेल तर पॉलिशच निघून येतं, तेवढं सांभाळावं. लोक टूथपेस्टने घासतात. ती बारीक काचपेपरचं काम करते, डाग अगदी वरचा असेल तर जातो, पण तिथली चकाकीही जाते.

काळ्या डागाचं प्रकरण वेगळं. तो लाकडात असतो आणि तो खरा रंग आहे. लोखंडी विळीवर आवळा चिरला की फोडी काळ्या पडतात, तीच ही क्रिया. लाकडातलं टॅनिन हे तुरट द्रव्य आणि खिळ्याचं लोह ओलाव्यात भेटतात, हवेतला ऑक्सिजन त्यांना साथ देतो आणि निळसर काळं संयुग तयार होतं. टॅनिनचा हिरडा आणि लोहाचा क्षार असलेला हिराकस यांची जुनी शाई याच संयुगाची. म्हणजे माझ्या टीपॉयवर कोणीतरी नकळत शाई बनवली होती. ती स्पिरिटने हलत नाही. हार्डवेअरच्या दुकानात ऑक्झॅलिक ॲसिडची पूड मिळते. ती कोमट पाण्यात विरघळवून ब्रशने लावली की लोहाला टॅनिनपासून ओढून घेते आणि पाण्यात विरघळेल असं रूप देते. अर्ध्या तासात डाग चहाच्या डागाइतका फिका झाला, दुसऱ्या हाताला गेला. ही पूड विषारी आहे. हातमोजे घालावेत, नंतर जागा दोन-तीनदा पाण्याने पुसावी आणि उरलेली पूड स्वयंपाकघराच्या आसपासही ठेवू नये.

मग मी तीच शाई मुद्दाम केली. टीपॉयची खालची फळी गायब होती, तिथे बसवायला पॅकिंगच्या खोक्यातली पाइनची फळी ४० रुपयांना मिळाली. सागाशेजारी ती उकडलेल्या बटाट्यासारखी दिसत होती. पाइनमध्ये टॅनिन कमी, म्हणून आधी तिच्यावर कडक कोऱ्या चहाचे दोन हात मारले. दुसरीकडे बरणीत पांढरं व्हिनेगर आणि मूठभर जुने खिळे दोन दिवस ठेवले होते. (स्टेनलेस स्टीलची घासणी चालत नाही, ती गंजतच नाही. आणि झाकण घट्ट लावू नका, आत हायड्रोजनचे बुडबुडे सुटत असतात.) वाळलेल्या फळीवर हे पाणी ब्रशने ओढलं तेव्हा काहीच झालं नाही. मी ब्रश धुऊन आले, तोवर फळी करडी झाली होती, आणि बघता बघता जुन्या वाड्याच्या तुळईसारखी काळपट. रंगाचा डबा विकत आणला असता तर याच्या कितीतरी पट पैसे गेले असते.

हलणाऱ्या पायाचं काम कंटाळवाणं होतं, पण सांध्यात पिवळट, काचेसारखा जुना सरस निघाला. सरस म्हणजे जनावरांच्या कातडी-हाडांतलं कोलॅजन. गरम पाण्याच्या फडक्याने शेकलं की तो मऊ होतो आणि सांधा न मोडता सुटतो. तो खरवडून लाकूड उघडं केल्याशिवाय फेविकॉल लावू नये, कारण त्याला लाकडाच्या छिद्रांत शिरायला जागा लागते. फेविकॉल बाटलीत पांढरा आणि वाळल्यावर पारदर्शक का, हे आता सांगायला नको. पाण्यात तरंगणारे पॉलिमरचे कण, त्यांच्यामुळे विखुरणारा प्रकाश. पाणी लाकडाने शोषलं की कण एकमेकांत मिसळतात आणि सीमा संपतात. पांढरेपणा पूर्ण गेला की नाही, यावरून बाहेर ओघळलेला थेंब वाळला का ते कळतं.

वरची फळी मी पायांच्या चौकटीला स्क्रूने गच्च आवळली नाही, भोकं थोडी लांबट ठेवली. सागाचं लाकूड ओल्या अवस्थेतून पूर्ण सुकेपर्यंत खोडाच्या त्रिज्येच्या दिशेने सुमारे २.५ टक्के आणि वार्षिक वलयांच्या दिशेने सुमारे ५.८ टक्के आकसतं, लांबीत मात्र जवळजवळ नाहीच. घरातल्या पावसाळा-उन्हाळ्याच्या फरकाने ४५ सेंटिमीटर रुंदीची फळी दोन-चार मिलिमीटर हलू शकते. तिला हलू दिलं नाही तर ती तडकते.

काचपेपर लागला तो फक्त ओरखड्यांपुरता: १८० नंबर, मग ३२०. हा नंबर म्हणजे मूळात चाळणीच्या एका इंचातली भोकं, म्हणून आकडा मोठा तितका पेपर बारीक. घासायचं ते रेषांच्या दिशेने. आडवे ओरखडे तंतू कापतात आणि पॉलिशखाली आणखी ठळक होतात. मात्र टीपॉयला जुना ऑइलपेंट असेल तर कोरडं घासूच नका. घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण दशलक्षात ९० भागांपेक्षा कमी ठेवण्याचा नियम आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगाची धूळ लहान मुलांच्या घरात नको.

आणि आता फजिती. चपडी १०० ग्रॅम आणून मी ती रात्रभर स्पिरिटमध्ये भिजत घातली. चपडी म्हणजे शुद्ध केलेली लाख. पळस, बोर, कुसुम यांच्या फांद्यांवर लाखेचे कीटक रस शोषतात आणि अंगाभोवती राळेचं कवच करतात. ते खरवडून, धुऊन, वितळवून पातळ ताणलं आणि मोडलं की चपडी. झारखंड यात पुढे, आपल्याकडे गोंदिया-गडचिरोलीच्या बाजूला लाख होते. लाक्षागृह पेटलं ते याच राळेमुळे, आणि व्हायनल (प्लास्टिक) येण्याआधीच्या, मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या ग्रामोफोन तबकड्याही हिच्याच. इतकं सगळं मला माहीत होतं. आमच्या गल्लीतल्या पॉलिशवाल्या काकांनी सांगितलं होतं, “ताई, आषाढात हात मारू नका, पांढरं पडतं.” ते मात्र मी कानाआड केलं.

मलमलीत गुंडाळलेल्या कापसाच्या बोळ्याने पहिला हात मारला. बाहेर पावसाची झड लागलेली. पाच मिनिटांत अख्खी फळी दुधाळ झाली, जणू शंभर कप एकदम ठेवले होते. स्पिरिट उडताना उष्णता घेऊन जातं, म्हणून ते हाताला गार लागतं. फळीचा पृष्ठभाग तसाच गार झाला, दमट हवेतल्या दवबिंदूच्या, म्हणजे दव पडू लागतं त्या तापमानाच्या, खाली गेला आणि अर्धवट वाळलेल्या थरावर दव पडलं. काकांनी येऊन बघितलं आणि काही बोलले नाहीत, ते जास्त लागलं.

ऑक्टोबरच्या उन्हात तेच पॉलिश सहा हात मारलं, दोन हातांमध्ये तासभर सोडून. पहिल्याच हाताने दुधाळपणा विरघळून गेला. टीपॉय धरून एकूण खर्च ११२० रुपये.

बाटलीत थोडं पॉलिश उरलं होतं, ते पुढच्या दिवाळीत एका पाटाला लावलं तर चार दिवस चिकटच. स्पिरिटमध्ये पडून राहिली की चपडीतली आम्लं अल्कोहोलशी हळूहळू संयोग पावतात आणि मग ती कडक वाळत नाही. आता लागेल तेवढीच भिजवते आणि बाटलीवर तारीख टाकते. सहा महिने झाले असतील तर आधी काचेच्या तुकड्यावर एक थेंब. सकाळी त्यावर नख उमटलं तर बाटली बाद.